नकाराचे मोल

आमची एक भाची गेल्या महिन्यात आमच्याकडून नेलेली एक जुनी कादंबरी परत करावयास आली. पुस्तक टेबलावर ठेवले, चहा घेतला, आणि निघता निघता दाराशी थांबून तिने विचारले, “मावशी, शार्लटचं चुकलं का गं?”

प्रश्न जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील शार्लट लुकसविषयी होता. परंतु तो केवळ पुस्तकातला प्रश्न नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. भाचीला पुण्याचे एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा सुशिक्षित, घर सुसंस्कृत, पत्रिकाही जुळलेली. आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या बडोद्यात रुजलेल्या मराठी घरांना ‘देशावरचे’ स्थळ आले म्हणजे जो आनंद होतो, तो तिच्या आईला झालेला आहे. मुलगी मात्र गप्प. मुलात तिला काही खोट दिसत नाही. पण मन घेत नाही. आणि घरातली वडीलधारी मंडळी तिला पुन्हा पुन्हा एकच विचारीत आहेत, “नाही म्हणायला कारण तरी काय?”

ह्या प्रश्नाने आम्हीच विचारात पडलो. होकाराला कधी कोणी कारण विचारीत नाही. नकाराला मात्र कारण लागते, तेही चारचौघांना पटेल असे लागते. भाचीला त्या संध्याकाळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन बोळविले. ते मनाला लागून राहिले, म्हणून ह्या वेळचा लेख.

इंग्लंडच्या राजघराण्यातील विवाहांच्या कथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. अलीकडे तर त्या घरोघरी पडद्यावरही पाहिल्या जातात. त्या सांगितल्या जातात त्या बहुधा ‘प्रेम की सिंहासन’ अशा थाटात. त्या पुन्हा चाळताना आम्हांला वेगळेच सूत्र हाती लागल्यासारखे वाटले. त्यांत प्रेम किती होते आणि महत्त्वाकांक्षा किती होती, ह्यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला होती, आणि त्या ‘नाही’ची किंमत कोणी मोजली, हे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आरंभ १४६४ सालापासून करू. चौथा एडवर्ड हा तरुण, देखणा राजा. त्याच्यासाठी फ्रान्सच्या दरबारात सोयरिकीची बोलणी चालली होती. इकडे त्याने एलिझाबेथ वुडव्हिल नामक एका विधवेशी गुपचूप लग्न उरकून टाकले. तिला पहिल्या घरचे दोन मुलगे होते, आणि पहिला पती तर शत्रुपक्षाकडून लढताना पडलेला. पुढच्या काळातील इतिहासकार सांगतात, की राजाची रखेली होण्यास तिने साफ नकार दिला, म्हणून ती राणी झाली. ह्या कथेत सत्य किती आणि रंग किती, हे बाजूला ठेवू. पण ही कथा पुढच्या पिढ्यांनी ऐकली होती. ह्याच एलिझाबेथचा नातू म्हणजे आठवा हेन्री.

हेन्रीच्या सहा राण्यांची नावे शाळकरी मुलेही घडाघडा म्हणतात. पण त्या सहाजणींच्या ‘हो’ आणि ‘नाही’चा हिशेब क्वचितच मांडला जातो. पहिली ॲरॅगॉनची कॅथरिन. स्पेनची ही राजकन्या १५०१ साली इंग्लंडात आली ती हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर ह्याची वधू म्हणून. पाच महिन्यांत आर्थर वारला. सोळा वर्षांची ही विधवा मग सात वर्षे हुंड्याच्या घासाघिशीत दोन राज्यांच्या मध्ये अडकून पडली. १५०७ साली तिच्या पित्याने तिला इंग्लंडच्या दरबारातील आपली वकील नेमले. युरोपात असे पद भूषविणारी ती पहिलीच स्त्री मानली जाते. १५०९ साली हेन्री गादीवर आला आणि त्याने तिच्याशी विवाह केला. अपत्ये झाली, पण जगली ती एकटी मेरी.

हेन्रीला पुत्र हवा होता, आणि त्याच सुमारास त्याचे मन ॲन बुलीनवर गेले. त्याने तिला लिहिलेली सतरा प्रेमपत्रे आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. तिची उत्तरे मात्र उरलेली नाहीत. तथापि राजाच्या पत्रांवरूनच कळते, की तो मागत होता आणि ती देत नव्हती. एका पत्रात तो तिला आपली एकमेव प्रेयसी करण्याचे वचन देतो. ते तिने स्वीकारले नाही. तिचा नकार हा शीलाचा होता, की महत्त्वाकांक्षेचा? इतिहासकार अजून भांडताहेत. आमच्या मते तो दोन्हींचा असू शकतो. ज्या दरबारात राजाला नाही म्हणण्याचा दुसरा मार्गच नव्हता, तेथे ‘लग्नाशिवाय नाही’ हेच एक आडोशाचे वाक्य एखाद्या तरुणीला उरते. ते वाक्य तिला सिंहासनापर्यंत घेऊन जाईल, हे तिला आधी ठाऊक होते की नाही, कोण सांगणार?

इकडे कॅथरिनचाही नकार उभा होता. राजाने सांगून पाहिले, पोपच्या प्रतिनिधीने मठात जाण्याचा सन्मान्य मार्ग सुचविला. तिने मान डोलावली नाही. १५२९ च्या जूनमध्ये लंडनला ब्लॅकफ्रायर्स येथे विवाहाचा खटला उभा राहिला. भरन्यायालयात ती राजाच्या पायांशी गुडघे टेकून बसली, आपले म्हणणे मांडले, उठली आणि चालू लागली. मागून पुकारा झाला, पण ती वळली नाही. ह्या नकाराची किंमत तिने पुढे सात वर्षे मोजली. १५३१ नंतर पोटच्या मुलीची भेटही तिला मिळू दिली नाही. १५३६ च्या जानेवारीत ती एकाकी मरण पावली. दोन बायकांच्या दोन नकारांमध्ये राजा सापडला, आणि त्यातून सुटण्यासाठी त्याने इंग्लंडचे चर्च रोमपासून तोडले. एवढी उलथापालथ झाली, तरी ज्या दोघींनी नाही म्हटले त्यांच्या हाती काय लागले? ॲन १५३३ साली राणी झाली, त्याच सप्टेंबरात तिला मुलगी झाली, आणि १९ मे १५३६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. अकरा दिवसांनी राजाने जेन सीमोरशी लग्न लावले. पुढच्या वर्षी पुत्राला जन्म देऊन जेनही गेली.

चौथी राणी क्लीव्ह्जची ॲन. तिची कथा थट्टेने सांगितली जाते: राजाला चित्र आवडले, वधू आवडली नाही. १५४० च्या जानेवारीत लग्न, जुलैत ते रद्द. पण थट्टेत एक गोष्ट निसटते. विवाह रद्द करण्यास ह्या परदेशी, एकट्या पडलेल्या बाईने तत्काळ संमती दिली. बदल्यात तिला रिचमंडचा राजवाडा, इतर जहागिरी आणि ‘राजाची बहीण’ असा मान मिळाला. तिला मिळालेल्या मालमत्तेत हेव्हरचा किल्लाही होता. तोच, जेथे ॲन बुलीनचे बालपण गेले. ही ॲन हेन्रीच्याही मागे जगली आणि त्याच्या साऱ्या राण्यांच्या शेवटी, १५५७ साली वारली. कोठे नाही म्हणावे हे जसे कळावे लागते, तसेच कोणता होकार आपल्याला मोकळे करील हेही कळावे लागते.

पाचवी कॅथरिन हॉवर्ड. एकोणपन्नास वर्षांच्या राजाशी तिचे लग्न झाले तेव्हा ती अगदी कोवळ्या वयाची होती. तिला हो-नाही विचारणारे कोणी होते, असे इतिहासात कोठे दिसत नाही. दीड वर्षात तिलाही मचाणावर चढविले. सहावी कॅथरिन पार दोनदा विधवा झालेली, विदुषी बाई. तिचे मन टॉमस सीमोरवर होते, हे तिनेच पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. तरी १५४३ साली राजाला तिने होकार दिला. राजा वारल्यावर काही महिन्यांतच तिने सीमोरशी लग्न केले. आवडीचा पती मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी ती बाळंतपणात गेली.

हे सारे एक मुलगी पाहत होती. आईचा शिरच्छेद झाला तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. कॅथरिन हॉवर्डचा झाला तेव्हा आठ वर्षांची होती. १५५८ साली पंचविसाव्या वर्षी ही एलिझाबेथ गादीवर आली, आणि दुसऱ्याच वर्षी पार्लमेंटने तिला लग्न करण्याची विनंती केली. १५६३ आणि १५६६ मध्ये ती विनंती पुन्हा झाली. तिने कधी स्वच्छ नाही म्हटले नाही आणि कधी हो म्हटले नाही. रॉबर्ट डड्लीवर तिचा जीव होता हे सर्वांना दिसत होते. पण १५६० साली त्याची पत्नी एमी रॉब्सार्ट जिन्याखाली मरून पडलेली आढळली, आणि त्या संशयाच्या सावलीत हा विवाह अशक्यप्राय झाला. पुढे सर वॉल्टर स्कॉटने ‘केनिलवर्थ’ ह्या १८२१ च्या कादंबरीत एमीला १५७५ च्या सोहळ्यापर्यंत जिवंत ठेवले. कादंबरीकाराने पंधरा वर्षे तिच्या पदरात टाकली, एवढीच काय ती भरपाई.

एलिझाबेथचा शहाणपणा समजायचा तर तिच्या आप्त स्कॉटलंडच्या मेरीकडे पाहावे. मेरीने १५६५ साली मनाजोगत्या डार्न्लेशी लग्न केले. दोन वर्षांत त्याचा खून झाला. तीन महिन्यांनी तिने ज्याच्यावर खुनाचा संशय होता त्या बॉथवेलशीच विवाह केला, आणि त्याच उन्हाळ्यात तिचे राज्य गेले. एलिझाबेथने राज्य राखले. किंमत तिनेही दिली. १६०३ साली ती वारली, तेव्हा ट्यूडर घराण्याचा दिवा विझला आणि गादीवर बसला तो मेरीचा मुलगा.

आता दोनशे वर्षे ओलांडून कादंबरीकडे येऊ. येथेही वाट राजवाड्यातूनच जाते. तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत १७७२ साली कायदा झाला, की राजघराण्यातील व्यक्तीने राजाच्या संमतीवाचून केलेला विवाह अवैध. युवराजाने तो कायदा डावलून १७८५ साली मारिया फिट्झहर्बर्ट ह्या विधवेशी गुप्त विवाह केला. पुढे कर्ज सहा लाख पौंडांवर गेले. ते फेडण्याची सोय व्हावी म्हणून १७९५ साली त्याने ब्रन्सविकच्या कॅरोलिनशी उघडपणे लग्न केले. जोडपे वर्षभरात वेगळे झाले. १८२१ साली चौथा जॉर्ज म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला, तेव्हा कॅरोलिन वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दारांशी जाऊन उभी राहिली आणि दारे तिच्यासाठी उघडली नाहीत. तीन आठवड्यांच्या आत ती वारली.

ह्या दुर्दैवी राजस्त्रीविषयी हॅम्पशायरमधील एका अविवाहित बाईने १८१३ साली एका मैत्रिणीला पत्र लिहिले. कॅरोलिनचे वागणे तिला सर्वस्वी पसंत नव्हते. तरी ती स्त्री आहे, आणि तिच्या नवऱ्याचा आपल्याला तिटकारा आहे, म्हणून आपण तिचाच पक्ष घेणार, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र लिहिणारी होती जेन ऑस्टेन. गंमत अशी, की त्याच युवराजाला ऑस्टेनच्या कादंबऱ्या आवडत, आणि १८१५ च्या अखेरीस ‘एमा’ त्यालाच अर्पण करणे तिला भाग पडले. ते मात्र तिला नाकारता आले नाही.

लग्न मात्र तिने नाकारले होते. १८०२ च्या डिसेंबरात, सत्तावीस पुरी होण्यास दोन आठवडे असताना, मॅनिडाउन येथे मैत्रिणींच्या घरी ती पाहुणी म्हणून गेली होती. त्या मैत्रिणींचा भाऊ हॅरिस बिग-विदर, मोठ्या इस्टेटीचा वारस, ह्याने तिला मागणी घातली. रात्री तिने हो म्हटले. सकाळी उठून तिने तो होकार परत घेतला, आणि त्या घरातून ती व तिची बहीण ताबडतोब निघाल्या. त्या एका रात्री तिच्या मनात काय काय येऊन गेले असेल! होकारात घर होते, पैसा होता, आईबापांच्या म्हातारपणाची काळजी मिटणार होती. १८०५ साली वडील वारले. त्यानंतर आई आणि दोन्ही बहिणी भावांच्या आधारावर ह्या गावाहून त्या गावाला राहिल्या. १८०९ साली एका भावाने चॉटन येथे घर दिले, तेव्हा कोठे पाय टेकले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सर्व हक्क तिने एकशेदहा पौंडांना विकले. सकाळच्या त्या नकाराचे मोल तिला नेमके ठाऊक होते.

म्हणूनच तिच्या पुस्तकात पैशाचे आकडे एवढ्या ठळकपणे येतात. बेनेट घराण्याला पाच मुली. वडिलांचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण पुत्र नसल्याने इस्टेट दूरचे नातेवाईक मिस्टर कॉलिन्स ह्यांच्याकडे जाणार. प्रत्येक मुलीच्या वाट्याला आईच्या पश्चात एक हजार पौंड, चार टक्के व्याजाचे, म्हणजे वर्षाला चाळीस. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा हाही हिशेब तिला ऐकवतो. ती नाही म्हणते. त्याला ते ऐकूच येत नाही! सुशील मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात, अशी त्याची ठाम समजूत. ती पुन्हा नाही म्हणते, तो पुन्हा संतोष पावतो. वाचताना हसू येते; पण हसून झाल्यावर थोडा वेळ पुस्तक मिटून बसावे असा हा प्रसंग आहे. ‘नाही’ हा शब्द बाईच्या तोंडून निघाला म्हणजे त्याचा अर्थ दुसराच काहीतरी असणार, असे मानणारे कॉलिन्स आपल्या ओळखीत किती आहेत?

तीनच दिवसांत कॉलिन्सची मागणी शार्लट लुकस स्वीकारते. ती सत्तावीस वर्षांची आहे. म्हणजे त्या रात्री मॅनिडाउनला लेखिका होती, जवळपास तेवढीच. शार्लटला रूप नाही, पैसा नाही, आणि स्वतःविषयी भ्रमही नाही. तिला आपले असे एक घर हवे आहे. ऑस्टेन तिची थट्टा करीत नाही. पुढे एलिझाबेथ तिच्याकडे जाते, तेव्हा शार्लटने आपली बैठक मुद्दाम मागच्या खोलीत ठेवल्याचे तिला कळते. पुढची खोली अधिक चांगली. पण ती मागे बसली म्हणजे नवरा पुढच्या खोलीत राहतो. एवढ्या एका तपशिलात एका संसाराचे सगळे सांगून होते.

आणि डार्सी? त्याच्या वर्षाला दहा हजार पौंडांनी वाचकांचे डोळे दिपतात. पण पहिली मागणी तोही कॉलिन्ससारखीच, होकार गृहीत धरून घालतो, आणि एलिझाबेथ त्यालाही नाही म्हणते. फरक पुढे आहे. डार्सीला ते ‘नाही’ ऐकू येते. तो दुखावतो, विचार करतो, वागणे बदलतो. आणि दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा आधीच सांगतो, की तुझे मन पूर्वीसारखेच असेल तर एका शब्दाने सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या कादंबरीतले प्रेम तेथून सुरू होते. ज्याला नकार दिला तरी आपण सुरक्षित राहू अशी खात्री वाटते, त्याला दिलेल्या होकारालाच काही अर्थ असतो.

पुढच्या पिढीत शार्लट ब्राँटेने हाच धागा अधिक ताणून धरला. १८४७ च्या ‘जेन एअर’मधील नायिका गरीब, पोरकी शिक्षिका. रॉचेस्टरवर तिचे प्रेम आहे. लग्नाच्या वेदीपाशी त्याची पहिली पत्नी जिवंत असल्याचे कळते. तो विनवतो, ती रात्रीच्या अंधारात जवळ जवळ रिकाम्या हातांनी घर सोडते. पुढे दुसरा पुरुष येतो, सेंट जॉन. त्याला मिशनरी होऊन हिंदुस्थानात यायचे आहे. त्यासाठी तो तिला हिंदुस्थानी भाषाही शिकवतो. बहीण म्हणून, सहकारी म्हणून तुझ्याबरोबर येईन, पण प्रेमावाचून पत्नी होणार नाही, असे ती सांगते. मोह नाकारणे अवघड खरेच. पण धर्माच्या नावाने आलेली मागणी नाकारणे त्याहून अवघड, हे ब्राँटेने ओळखले होते. मध्यंतरी जेनला चुलत्याचे वीस हजार पौंड मिळतात. त्यांतले ती तीन भावंडांना वाटून स्वतःकडे पाच हजार ठेवते. रॉचेस्टरकडे ती परत जाते ती हे पाच हजार घेऊन, स्वतःच्या पायांवर उभी राहून. मात्र तेव्हाच्या कायद्याने लग्न होताच पत्नीचा पैसा पतीचा होत असे. इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा पुरा हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने.

आणि ह्याच दशकात इंग्लंडच्या कायद्याची एक सावली आपल्या घरावर पडली. पत्नीने नांदावयास यावे असा हुकूम मागण्याची तरतूद इंग्रजांच्या धर्मन्यायालयांतून हिंदुस्थानच्या न्यायालयांत आली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी जाण्यास नकार दिला, म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ च्या मार्चमध्ये निकाल झाला: महिनाभरात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. खुद्द इंग्लंडात ह्या कारणासाठीची कैद १८८४ सालीच रद्द झालेली! रखमाबाईंनी उत्तर दिले, की आपण तुरुंगात जाऊ. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि आपल्या शेजारच्या सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले. नकार देणारीचे पुढे काय होते, असे कोणी विचारले तर हेही एक उत्तर आहे.

विसाव्या शतकात राजघराण्याच्या विवाहकथांना पुन्हा बहर आला. आठव्या एडवर्डने १९३६ च्या डिसेंबरात वॉलिस सिम्प्सनसाठी राज्य सोडले. प्रेमाची परमावधी म्हणून ही कथा सांगितली जाते. पण राज्यत्यागाच्या तीन दिवस आधी, ७ डिसेंबरला, फ्रान्समधून त्या बाईने निवेदन काढले होते, की आपण माघार घेण्यास तयार आहोत. राजाने ते मानले नाही. जगाने तिला महत्त्वाकांक्षी ठरविले. तिची माघार कोणाच्या लक्षात राहिली नाही. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला राजकन्या मार्गारेटने घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी विवाह न करण्याचा निर्णय जाहीर केला. अर्ध्या शतकाने, २००५ साली, युवराज चार्ल्सने स्वतः घटस्फोटित असून घटस्फोटित कॅमिलाशी लग्न केले, आणि २०२३ साली ती राणी म्हणून अभिषिक्त झाली. मावशीला जे मिळाले नाही ते भाच्याला मिळाले. १७७२ चा तो कायदाही २०१५ साली गेला. आता राजाची संमती लागते ती गादीच्या क्रमातील पहिल्या सहा जणांना.

असो. आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. शार्लटचे चुकले का? आमच्या मते, नाही. तिच्या हाती जी पत्ती होती त्यांत तिने उत्तम डाव खेळला. तिला ‘नाही’ परवडत नव्हते, हा दोष तिच्या काळाचा. पण भाचे, तुला नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि कायद्याने तुला माणूस मानले आहे. शार्लटचा निर्णय तू घेतलास, तर तो शार्लटएवढा क्षम्य ठरणार नाही. हो म्हणायचे तर मनापासून म्हण. नाही म्हणायचे तर कारण शोधीत बसू नकोस. मन घेत नाही, एवढे कारण पुरे आहे. ह्यात त्या मुलाचाही मान आहे. अर्ध्या मनाच्या बायकोबरोबर जन्म काढण्याची पाळी त्याच्यावर तरी का यावी?

हे लिहीत असता आम्हांस आमच्या थोरल्या बहिणीची आठवण होते. तिचे लग्न ठरले ते एका पोस्टकार्डाने. ‘मुलगी पसंत आहे’ एवढेच त्यावर होते. मुलीला मुलगा पसंत आहे की नाही, हे विचारावे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही, आमच्याही नाही. संसार चांगला झाला. भावोजी भले गृहस्थ. पुष्कळ वर्षांनी, दोघी दुपारी शेवया वळत बसलो असता, अक्का एकदा सहज म्हणाली, “मला कोणी विचारलं असतं ना, तर मी हो च म्हटलं असतं.” आणि जरा थांबून, “पण विचारलं असतं तर.”

हा लेख लिहून होत आला असता धाकटीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोन आला. आम्ही अक्काची ती गोष्ट तिला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. रविवारी तिने मुलीला जवळ बसवून घेतले आणि “तुझं काय ठरलंय?” एवढेच विचारले. भाचीने काय उत्तर दिले, ते तिचे तिच्यापाशी. कारण मात्र ह्या वेळी कोणी विचारले नाही.